उलटा घातलेला हेडफोन

ते भांडण मी मुद्दाम ऐकलं नव्हतं. आमच्या आणि बिभीषणच्या घरामध्ये तेव्हा भिंत नव्हती, तुराट्यांचा कूड होता, आणि कुडातून धूर येतो तसं बोलणंही येतं. मी चुलीपुढं भाकरी थापत बसले होते.

चाळीस वर्षं झाली असतील त्याला. बिभीषण मेंढरं राखायचा. त्याच्या कळपात पाच घंट्या होत्या, पाचही त्याच्या बापानं बाजारात वाजवून, एकमेकींशी जुळवून घेतलेल्या. घंटी घ्यायची त्यांची रीत अशी, की एक कान तळहातानं झाकायचा आणि दुसऱ्या कानाशी घंटी हलवायची. सगळ्या घंट्या त्याच कानानं ऐकायच्या, मधेच कान बदलायचा नाही. कळप झाडीआड गेला तरी त्या पाच आवाजांवरून तो आपला की दुसऱ्याचा, हे बिभीषणला बसल्या जागी कळायचं. त्यातली एक घंटी त्याच्या पोरानं, नऊ वर्षांच्या मल्हारीनं, तीर्थपुरीच्या बाजारात एकाला देऊन टाकली आणि बदल्यात रेडिओची कानात घालायची गुंडी आणली. एक वायर, तिच्या टोकाला एक गुंडी. घरात रेडिओ नव्हता.

बिभीषण ओरडत होता की बापानं जुळवलेला कळप ह्या कार्ट्यानं मुका केला. त्याची बायको बायनाबाई त्याच्या वर आवाज चढवून म्हणत होती की घंटी दुसरी मिळल, तुमच्या मारानं पोराच्या कानातून रगत येऊन राह्यलं ते बघा आधी. मग एकदम सगळं गप्प झालं. त्या गप्प होण्यात माझी तव्यावरची भाकरी करपली.

"ऐकू येतं का त्याला?" बिभीषणनं हळूच विचारलं.

"येतं की," बायना म्हणाली. "दोन्ही कानानं येतं. ठणठणीत हाय."

मी भाकरी उलटली. झालं, मिटलं, असं समजून जेवायला वाढलं.

मल्हारी गेला त्याला परवा सव्वा महिना झाला. पन्नाशीचा माणूस, दुपारी जेवून आडवा झाला, चहाला उठवायला त्याची बायको दैवशाला गेली तर उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. मला अजून ते खरं वाटत नाही. त्यातून, जायच्या चार महिने आधी त्यानं आम्हा सगळ्यांना जो धक्का दिला त्यातूनच मी पुरती बाहेर आलेली नव्हते. एकामागं एक असे दोन धक्के ह्या वयात कुठं ठेवायचे, ते कोणी सांगत नाही.

मेंढरं तर कधीच विकली गेली होती. मल्हारी ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा झाला. खांद्यावर वाल फिरवायची लांब चावी, हातात लोखंडी सळई, असा गावभर फिरायचा. सळईचं एक टोक नळावर टेकवायचा, दुसरं उजव्या कानाच्या मागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. जमिनीखाली पाइप कुठं गळतो ते त्याला त्यातून कळायचं. एकदा तालुक्याहून साहेब आले. त्यांनी तीन खड्डे खणवले, तिन्ही कोरडे निघाले. मल्हारीनं सळई लावली आणि साहेबांच्या जीपच्या चाकाखाली बोट दाखवलं. जीप काढावी लागली. पाणी तिथंच होतं.

त्याच्या काही खोडी होत्या. ओट्यावर बसला की डाव्या टोकाला, खांबाला खेटून. पंगतीतही तसाच, सगळे उजवीकडे येतील असा. हाक मारली तर एखाद्या वेळी ओ द्यायचा, एखाद्या वेळी बिलकुल नाही. मी त्याला तोंडावर शिष्ट म्हणायची. तो हसायचा.

आणि नाद होता रेकॉर्डिंगचा. जांब समर्थला रामनवमीला, आसपासच्या गावांत सप्ताहाला, हा आपला माइक घेऊन पुढं बसलेला असायचा. बाकीचे रेकॉर्डिंगवाले दोन-दोन माइक लावायचे, ह्याचा एकच. विचारलं तर म्हणायचा, मला दुसऱ्याचं काय काम. लोक म्हणायचे, ही त्याची खास पद्धत आहे. त्याचं कीर्तन फोनवर ऐकलं की टाळकऱ्यांतला कोण दमलाय तेसुद्धा कळायचं. पुण्याला गेलेली आमची माणसं ते रोज लावतात.

ते ऐकूनच भोकरदनच्या शाळेतले संघपाल सर दोन बस बदलून त्याला शोधत आले. सरांची तक्रार अशी होती की बाजारात मिळणारे हेडफोन नुसते ढमढम वाजतात. मृदंगावरची बोटं त्यात ऐकू येत नाहीत, टाळ पत्र्यासारखा लागतो. असंच दुखणं असलेली माणसं फोनवर एकमेकांना सापडली होती. नागपूरचा एक डॉक्टर, लातूरची बँकेतली बाई, पोलीस, मास्तर, मोसंबीवाले, असे तीनशे जण. कानसेन मंडळ असं नाव घेतलं होतं. आणि त्या मंडळानं थेट एका कारखान्याला गाठलं होतं. कारखानदार म्हणाला, तीनशे जण मिळून आधी पैसे भरा, मग तुम्ही म्हणाल तसा हेडफोन तुमच्यापुरता वेगळा बनवून देतो.

मी म्हटलं, कारखाना काय शिंपी आहे का, माप घेऊन शिवायला. माझी नात तृप्ती म्हणाली, आजी, बराबर तसंच आहे, ते कानाचं माप घेतात. एकेकानं किती भरले ते तिनं सांगितलं तेव्हा माझ्या हातातली परडी कलली. तेवढ्यात पिलासकट शेळी आली असती. आणि मल्हारीनंही भरले होते, तेही पाण्याच्या पगारातून. दैवशालानं चार दिवस त्याला ताटात भाजी वाढली, पण बोलली नाही.

कारखान्यानं आधी एकच नमुना बनवला. तो मंडळातल्या अकरा जणांकडे फिरला. प्रत्येकानं चार दिवस ऐकायचं आणि पार्सलनं पुढं धाडायचं. आमच्या लहानपणी एकच भारी शालू गावातल्या सगळ्या नवऱ्या नेसायच्या, तसा. शेवटचा नंबर मल्हारीचा ठेवला होता, कारण संघपाल सरांनी ठरवून टाकलं होतं की मल्हारीभाऊ हो म्हणाले की कारखान्याला हो कळवायचं. शनिवारी उत्तर द्यायचं होतं. शनिवारनंतर तीनशे नग बनायला लागणार, मग फिरवाफिरवी नाही.

पेटी आली तेव्हा मल्हारीनं आधी माझ्या डोक्यावर तो हेडफोन चढवला. कीर्तन लावलं. मी कीर्तन आयुष्यभर ऐकलंय, पण महाराजांनी अभंग उचलायच्या आधी घेतलेला श्वास माझ्या मानेजवळ ऐकू आला आणि मी दचकून मागं वळून पाहिलं. मागं कोंबडी होती. मल्हारी इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी तो हसत नव्हता. तिसऱ्या दिवशी पाणी सोडून झाल्यावर आला, ओट्याच्या डाव्या टोकाला बसला आणि बराच वेळ सळई जमिनीवर घासत राहिला. मी शेंगा फोडत होते.

"मावशे," तो म्हणाला, "आबानं मला मारलं त्या दिशी तू कुडाआड व्हतीस ना?"

"व्हते की. घंटीवरून. तुझी माय म्हनली, कान ठणठणीत हाय."

"माय खोटं बोलली. डावा कान त्याच दिशी गेला. तवापासून त्यातून काहीच येत न्हाई."

मी त्याच्या डाव्या कानाकडे बघत बसले. दिसायला तो दुसऱ्यासारखाच होता. चाळीस वर्षं हा माणूस माझ्या डोळ्यांपुढं वाढला, त्याच्या हळदीला मी जात्यावर बसले, त्याला शिष्ट म्हणून मोकळी झाले, आणि मला कळलं नाही. तो ओट्याच्या डाव्या टोकाला का बसतो, एकच माइक का लावतो, हे एकदम समोर आलं.

मायनं त्याच्याकडून वचन घेतलं होतं, त्यानं सांगितलं. आबाला कधीच कळू द्यायचं नाही. ज्या हातानं मारलं त्या हातानं हा माणूस पुन्हा घास घेणार नाही, असं ती म्हणाली होती. आता बायनाला जाऊन बारा वर्षं झाली, बिभीषण ब्याऐंशीचा आहे, आणि वचन तसंच आहे. दैवशालाला माहीत होतं, पण बायकोपासून असलं लपत नसतंच.

मग त्यानं हेडफोनचं सांगितलं. पहिल्या दिवशी त्यानं तो सगळ्यांसारखा घातला आणि उजव्या कानावरच्या वाटीतलं ऐकून खूश झाला. दुसऱ्या दिवशी त्याला आबाची घंटी घ्यायची रीत आठवली. त्यानं हेडफोन काढला, फिरवला आणि उलटा घातला. डावी वाटी उजव्या कानावर आली. आणि डावीत टाळ नव्हता. म्हणजे होता, पण गोधडीखाली वाजवल्यासारखा. दोन्ही वाट्या एका कळपातल्या नव्हत्या.

त्यानं लगेच मंडळाला कळवलं की डाव्या वाटीत दोष आहे. तर रामप्रसाद म्हणून एक इंजिनिअर आहे संभाजीनगरचा, त्यानं उत्तर टाकलं की तुमच्याआधी दहा जणांनी ऐकला, कोणालाच दोष दिसला नाही. मल्हारीभाऊ, एकदा तुमचा डावा कान तपासून घ्या. खाली चाळीस जणांनी हसरी तोंडं काढली होती.

"आता सांग," मल्हारी म्हणाला. "कसं कळलं ते सांगावं तर कान सांगावा लागतो. कान सांगितला तर म्हनतेल, एका कानाचा मानूस आमाला काय शिकवतो. आन् गावातले चार जण हायेत त्या मंडळात. सांजेपर्यंत आबाला कळल."

"मंग गप राह्य," मी म्हणाले. "हो म्हनून टाक. बाकीच्यांला तरी कुठं कळून राह्यलं."

माझा सल्ला हा असा. म्हाताऱ्या बाईकडे शहाणपण असतं असं लोकांना उगीच वाटतं.

"हो म्हनलो तर तीनशे लोकायच्या डाव्या कानात माझं खोटं वाजत राह्यल," तो म्हणाला. सळई उचलून निघून गेला.

शुक्रवारी सकाळी तो परत आला. त्याला टाइप करायचा कंटाळा, बोलूनच पाठवायचा. त्याचा फोन चार्जिंग धरत नव्हता म्हणून त्यानं तृप्तीला तिच्या फोनवरून पाठवायला सांगितलं. गंमत बघायला तिनंही त्या मंडळात नाव घातलं होतं. ती त्याच्या उजवीकडे बसली, फोनवरचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं आणि फोन त्याच्या तोंडापुढं केला.

"मी मल्हारी बोलतो," त्यानं सुरुवात केली. "रामप्रसादभाऊ बराबर बोलले. माझा डावा कान चालत न्हाई. लहानपणी झाडावरून पडलो व्हतो, तवापासून. म्हनून मी हेडफोन उलटा घातला. दोन्ही वाट्या एकाच कानानं ऐकल्या. डावीत टाळ झाकलेला हाय. तुमी बी उलटा घालून पाहा, आन् मंग मला येड्यात काढा."

तो हे बोलत असताना गल्लीतून काठी टेकत बिभीषण येत होता. रोज ह्याच वेळी तंबाखूला येतो. पण तो आला डावीकडून. बोलण्याच्या नादात मल्हारीला त्याची काठी ऐकू येणं शक्यच नव्हतं. मला दिसत होतं. तृप्तीलाही दिसत होतं. मी मल्हारीला हातानं खूण केली, पण तो फोनकडे बघत होता. म्हातारा चार पावलांवर थांबला आणि त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं.

"झाडावरून न्हाई पडला," बिभीषण म्हणाला. "म्या मारलं व्हतं."

आवाज कुठून आला ते मल्हारीला कळलं नाही. आमची तोंडं बघून तो वळला आणि बाप दिसताच त्याचा चेहरा पिठासारखा झाला. बिभीषण मल्हारीच्या पुढून वळसा घालून आला, तृप्तीला जरा सरकायला लावलं आणि पोराच्या उजव्या बाजूला बसला. काठी भिंतीला लावली.

"तुला वाटलं मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "चाळीस वर्षं तुझ्या उजव्या अंगानं चालून राह्यलो मी. ते कामून?"

मग त्यानंच थांबत थांबत सांगितलं. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगं उजव्या कुशीवर निजलं होतं. त्यानं उरलेल्या चार घंट्यांतली एक आणली आणि वर आलेल्या कानाशी वाजवली. पोरगं हललं नाही. मग बायनाकडे बघितलं, ती दळण निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"तुझी माय म्हनली, येतं ऐकू. एवढ्या जिवावर येऊन म्हनली. मंग मी न्हाई कसं म्हनू?"

मी आजपर्यंत बरंच पाहिलंय. दुष्काळ पाहिला, भूकंपात भांडी पडताना पाहिली. पण त्या ओट्यावर मला जेवढं हादरल्यासारखं झालं तेवढं कधी झालं नव्हतं. माय बापापासून लपवत होती, बाप मायपासून, पोरगा बापापासून, आणि तिघंही तीच एक गोष्ट. मधे नुसता कूड होता आणि अलीकडे मी भाकरी उलटत होते.

तेवढ्यात तृप्तीनं हातातल्या फोनकडे बघितलं आणि ती रडकुंडीला आली. तिचा अंगठा इतका वेळ बटणावरच होता. दचकून तिनं उचलला, आणि तेवढ्यानंच ते सगळं, झाड, मार, घंटी, बायना, तीनशे लोकांकडे गेलं.

ते परत घेता येतं म्हणे. तृप्ती घ्यायला लागली होती. बिभीषणनं विचारलं काय झालं, आणि कळल्यावर म्हणाला की राहू दे, एवढ्या लोकांत एकदा तरी खरं बोललो.

फोन दुपारपर्यंत गप्प होता. नाहीतर ह्या मंडळात मिनिटाला पाच जण बोलतात. मग एकानं लिहिलं की वाईट वाटलं, पण एका कानानं दोन कानांची वस्तू कशी पारखणार. दुसऱ्यानं लिहिलं, शनिवार तोंडावर आलाय. संघपाल सरांनी कोणाशी वाद घातला नाही. कारखान्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि मल्हारीला म्हणाले, पेटी बसनं भोकरदनला धाडा. सर बसस्टँडवर उभे राहिले, पेटी हातात पडताच तिथल्या बाकड्यावर बसून हेडफोन आधी सरळ घातला, मग उलटा. नंतर मला ते स्वतः सांगत होते, की मी गाडीच्या आवाजातही ओळखलं, आणि आधी माझ्याकडे चार दिवस असताना मला कळलं नाही ह्याची लाज वाटली. दोन कान एकाच वेळी ऐकायला लागले की एकाचं कमी दुसरा भरून काढतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. रामप्रसाद तर खात्री करायला स्वतःची गाडी काढून भोकरदनला गेला. कारखान्यानं वाटी उघडली. आत जाळीवर एक कापडाची चकती लावतात, ती डावीकडे एकावर एक अशा दोन चिकटल्या होत्या. त्या नमुन्यावरून माप धरून तीनशे निघणार होते.

रामप्रसादचा मल्हारीला फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. तो म्हणाला, भाऊ, मी माझे दोन्ही कान तपासून घ्यायला चाललोय. मल्हारी म्हणाला, जाऊ नका, पैसे जातेल, नुसता उलटा घाला.

आषाढात पेट्या आल्या. पेटीच्या झाकणाच्या आत छापलं होतं: घेतल्यावर एकदा उलटा घालून ऐका. तृप्तीनं मला ते दोनदा वाचून दाखवलं. कारखान्यानं छापलेलं, शाईनं, आणि ते आमच्या पाणी सोडणाऱ्याचं बोलणं. मी पेटीचं झाकण मागून घेतलंय, तांदळाच्या डब्यावर ठेवते.

त्यानंतर सांजच्याला बापलेक ओट्यावर बसायचे. एका हेडफोनच्या दोन वाट्या बाहेर फिरवून, एक बापाच्या डाव्या कानाला, एक लेकाच्या उजव्या, डोकी जवळ आणून. बिभीषणला कीर्तनात झोप लागायची आणि वाटी घसरायची. मल्हारी ती न बघता परत लावायचा.

तो गेला त्या दिवशी गुरुवार होता, आमच्या गल्लीचा पाण्याचा दिवस. सकाळी नेहमीच्या वेळी आला. खांद्यावर चावी, हातात सळई, उजव्या अंगाला बिभीषण, काठी टेकत. मल्हारीनं खड्ड्याचं झाकण काढलं, चावी घातली आणि वाल फिरवला. सळई नळावर ठेवली, कानामागं लावली, डोळे मिटले. माझी तोटी कोरडी ठाक होती, नुसती हवा सुस्कारत होती.

"मावशे, लाव हंडा," तो म्हणाला.

मी हंडा लावला. तो झाकण बसवून पुढच्या गल्लीकडे निघाला, बिभीषण त्याच्या उजवीकडून. ते वळणापर्यंत पोचले असतील, तेवढ्यात पाणी आलं.